आबांच्या हाताला न लागलेला बोल्ट

गड्ड्याची जत्रा बघायला भाचा सुट्टी काढून सोलापूरला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव दाखवणारा, हेडसेट होता. तो विमान देखभालीचं शिक्षण घेतोय. सरावासाठी मित्राकडून आणलेला तो जाडजूड चष्मा त्यानं सगळ्यात आधी आमच्या आबांच्या डोळ्यांवर चढवला. आबांनी चाळीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा कारागीर, म्हणून काढली. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मान वर केली, डावीकडे वळवली आणि हवेत हात लांब करून म्हणाले, "अरे, इंजिन तर समोर हाय. बोल्टबी दिसतोय. पण हाताला काहीच लागंना की!"

विमानाचे तंत्रज्ञ आभासी वास्तवात घडवायचं काम आता जगभर सुरू आहे. ते कुठवर नेतं आणि कुठं थांबतं, हे आबांना दोन मिनिटांत कळलं होतं. मला समजून घ्यायला पुढचे कितीतरी दिवस लागले.

आधी तो चष्मा काय करतो ते बघू. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात. त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. हेडसेट प्रत्येक डोळ्याला त्याचं त्याचं वेगळं चित्र दाखवतो, म्हणून इंजिन पडद्यावर सपाट न दिसता पुढ्यात उभं राहतं. डोकं किती आणि कुठं वळलं हे आतले संवेदक नि कॅमेरे सतत मोजत असतात आणि सेकंदाला नव्वदच्या आसपास नवी चित्रं तयार होतात. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा फार वाढला, की मळमळ सुरू होते. एसटीत पुस्तक वाचताना काहींना उमासे येतात तसंच हे, फक्त उलटं. एसटीत कान सांगतो 'हलतोय' आणि डोळा सांगतो 'स्थिर आहे'. इथं डोळा म्हणतो 'हलतोय' नि कानातला तोल खुर्चीतच बसलेला असतो.

एवढा खटाटोप कशासाठी? खरं विमान शिकायला मिळणं फार अवघड असतं, म्हणून. विमान जमिनीवर उभं राहिलं की कंपनीचा पैसा जातो, त्यामुळे ते शिकाऊ पोरांसाठी सोडत नाहीत. शिवाय काही कामं चुकत चुकत शिकता येत नाहीत. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली, ती एटीआर ७२ जातीच्या पंख्यांच्या विमानानं. त्या विमानाच्या पंख्याला सहा पाती, व्यास जवळपास चार मीटर. पूर्ण वेगात तो मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला वीस. एका ठिकाणावरून सेकंदाला १२० पाती सरकतात, आणि डोळ्याला दिसतं काय, तर नुसतं पुसट धुकं.

एटीआरची आणखी एक गंमत मला फार आवडते. मोठ्या विमानांच्या शेपटीत जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारं वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरला ते नाही. उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावतात आणि इंजिन आत चालू ठेवून त्याच्याकडून वीज नि हवा घेतात. म्हणजे पंखा थांबलेला, पण इंजिन जिवंत. नवख्याची नजर पंख्यावर असते. पंखा उभा दिसला की त्याला वाटतं, सगळं बंद आहे. अशा विमानाभोवती कुठून जायचं, कुठं पाऊल टाकायचं नाही, हे पुस्तकातल्या आकृतीवरून पाठ होतं, पण अंगात मुरत नाही. आभासी विमानाभोवती पोरगा पन्नास वेळा चुकीच्या बाजूनं गेला तरी संध्याकाळी धडधाकट घरी येतो.

दुसरा फायदा माझ्या मते याहून मोठा आहे. इंजिनाच्या पोटात बोरोस्कोप नावाची बारीक कॅमेऱ्याची नळी घालून तंत्रज्ञ आतलं एकेक पातं फिरवून तपासतो. खऱ्या इंजिनात बहुतेक पाती चांगलीच निघतात. शिकाऊ मुलाला महिनोन्‌महिने तडा बघायलाही मिळत नाही, आणि चांगलंच बघायची सवय लागलेली नजर एक दिवस तड्यावरूनही पुढं सरकते. सरावात शिक्षक हव्या त्या पात्यावर हवा तेवढा तडा टाकू शकतो. नजर टिपणारा हेडसेट असेल, तर पोरगा कुठं बघून पुढं गेला हेही नंतर दाखवता येतं.

हा विचार जुनाच. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी सरावाचं खोटं विमान बनवलं, ते वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी हबल दुर्बीण कक्षेत जाऊन दुरुस्त केली, तेव्हा तयारीत आभासी वास्तवही होतं आणि वजनरहित अवस्थेच्या सरावाची पाण्याची प्रचंड टाकीही. चष्म्यातून जागा नि क्रम कळत होता, हात प्रत्यक्ष कामाला लागायचे ते पाण्यात. ही जोडी मला महत्त्वाची वाटते.

कारण १० जून १९९०. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच १७,३०० फुटांवर निखळून उडाली. कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान उतरवलं, आणि कॅप्टन वाचले. तपासात कळलं की काच आदल्या दिवशी पहाटेच बदलली होती. ९० बोल्टपैकी ८४ व्यासानं बारीक निघाले, उरलेले सहा लांबीला कमी. नवे बोल्ट निवडणाऱ्यानं भागांची यादी उघडली नव्हती. काढलेला जुना बोल्ट शेजारी धरून डोळ्यांनी जुळवला होता. बसवतानाही तो अशा अडचणीच्या जागी होता की बोल्टचं डोकं नीट बसलंय का, हे त्याला समोरून दिसत नव्हतं.

व्यासातला फरक किती? ०.६६ मिलिमीटर.

मी कागदावर हिशेब मांडला. नेहमीच्या वापरातला हेडसेट दृष्टीच्या एका अंशात साधारण वीस ते पंचवीस ठिपके दाखवतो. निरोगी डोळा याच्या दुपटीहून जास्त टिपू शकतो. हातभर, म्हणजे अर्ध्या मीटरवर धरलेल्या वस्तूत एक अंश होतो जवळपास पावणेनऊ मिलिमीटरचा. म्हणजे एक ठिपका ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर. तो जीवघेणा फरक चष्म्यात दीड-दोन ठिपक्यांत संपतो! रात्रीची वेळ, अडचणीची जागा, यादी न उघडण्याचा मोह, हे सगळं सरावात उभं करता येईल आणि करायलाच हवं. पण बोटात बोल्ट धरल्यावर जे कळतं, ते दाखवायला तिथं जागाच नाही. हेडसेटबरोबर हातात धरायचं नियंत्रक थरथरतं, पण आटे धरतायत की घसरतायत हे ते सांगू शकत नाही. परवाना मिळवायला चालू विमानांवर प्रत्यक्ष काम करावंच लागतं, ही अट त्यामुळे मला अगदी योग्य वाटते. हेडसेट आले म्हणून तिचे तास कुणी कमी करू नयेत.

भाच्याला हा हिशेब दाखवला. आबा शेजारीच ऐकत बसले होते. काही न बोलता ते आत गेले आणि मागाच्या सामानाचा गंजका डबा घेऊन आले. त्यातून दोन बोल्ट नि एक नट काढला. बोल्ट दिसायला सारखेच, पण एकाचे आटे झिजलेले.

"डोळे मीट," ते म्हणाले. "आता फिरव, आन् कुठला गेलाय सांग."

भाचा पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. आबांनी त्याचं बोट धरून नटावर टेकवलं आणि म्हणाले, "घाई करू नको. धरायच्या आधी जरा सैल लागतंय का बघ."

तिसऱ्या खेपेला त्यानं डोळे न उघडता डाव्या हातातला बोल्ट पुढं केला.