एका अणूच्या भिंतीची जाडी किती?

कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बन अणूंच्या थराची गुंडाळलेली सूक्ष्म नळी, पोलादाच्या पाचपट ताठ असते, असं सर्रास छापून येतं. त्यामागचा आकडा म्हणजे १ टेरापास्कलचा यंग गुणांक, म्हणजे पदार्थ ताणला जायला किती विरोध करतो त्याचं माप. तो काढायला भिंतीची जाडी लागते, आणि इथे भिंत आहे एका अणूची. नव्वदच्या दशकातला घोळ नेमका या जाडीवरूनच झाला.

सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये जपानमध्ये या नळ्यांचं वर्णन केलं. १९९६ मध्ये ट्रेसी, एबेसन आणि गिब्सन यांनी एका टोकाला मोकळ्या असलेल्या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. उष्णतेने थरथरणारं टोक धूसर दिसे. त्या धूसरपणावरून त्यांनी ताठपणा काढला: सरासरी १.८ टेरापास्कल, पण नळीगणिक ०.४ पासून ४ च्या पुढेपर्यंत!

त्याच वर्षी याकोबसन, ब्राबेक आणि बर्नहोल्क यांनी संगणकावर नळी दाबून पाहिली. अणूंमधल्या बलांसाठी सूत्र होतं ब्रेनर यांचं, मुळात हिऱ्याच्या थरांसाठी १९९० मध्ये बेतलेलं. दाबलेली नळी ठरावीक टप्प्यांवर अचानक चुरमडत गेली, आणि हे टप्पे अभियंत्यांच्या पातळ कवचाच्या सिद्धांताशी छान जुळले. मात्र त्यासाठी जाडी ०.०६६ नॅनोमीटर आणि गुणांक ५.५ टेरापास्कल धरावा लागला. इतरांनी ग्रॅफाइटच्या थरांमधलं ०.३४ नॅनोमीटर अंतर हीच जाडी मानली; त्यांचा गुणांक आला सुमारे १.

दोन्हीकडे जाडी आणि गुणांक यांचा गुणाकार करून पाहा, उत्तर ०.३६ च्या आसपासच येतं. म्हणजे ताणण्याबाबत भांडण नव्हतंच. खरी अडचण वाकवण्याची. ०.३४ धरून नेहमीच्या सूत्राने काढलेला वाकण्याचा विरोध संगणकातल्या आकड्याच्या पंचवीसपट निघतो. साध्या पत्र्यात हा विरोध जाडीतून येतो, एका बाजूचा थर ताणला आणि दुसरीकडचा दाबला गेल्याने. इथे तो बंधांच्या कोनांतून येतो. त्यामुळे ०.०६६ ही जाडी मला मोजमापापेक्षा हिशेबाची सोयच वाटते.

तुटण्याचा प्रश्न याहून किचकट. २००० मध्ये प्रत्यक्ष ओढून तोडलेल्या बहुभिंती (एकात एक बसलेल्या) नळ्यांची ताकद ११ ते ६३ गिगापास्कल भरली, गणितातल्या आकड्यांहून बरीच कमी. नळ्यांमधले दोष हे एक कारण. पण सूत्रही निर्दोष नव्हतं: ब्रेनर यांच्या सूत्रात अणूंमधलं अंतर ०.१७ ते ०.२ नॅनोमीटरदरम्यान असताना बंधाची ऊर्जा शून्यावर आणली जाते, आणि त्या अरुंद पट्ट्यात तुटू पाहणारा बंध खोटाच बळकट होतो.

२००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात बारीक भोकांवर ताणलेलं ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका जाड सपाट थर) हिऱ्याच्या टोकाने दाबून फोडलं गेलं. त्या गटाने ताठपणा आधी ३४० न्यूटन प्रति मीटर असा, जाडी न धरताच दिला. टेरापास्कलमधलं रूपांतर त्यानंतर.