युद्ध सुरू करणाऱ्या नेत्यावर केस का लागत नाही, थोडी पार्श्वभूमी

आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या वकील मंडळींपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच प्रश्न लोक विचारून राहिले, की हेगच्या कोर्टानं, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं, रशियाच्या राष्ट्राध्यक्षावर वॉरंट काढलंय ना, मग युक्रेनवरच्या आक्रमणासाठी आता हे नवीन ट्रिब्युनल, म्हणजे खास कोर्ट, कशाले पाहिजे भौ? तर ते 17 मार्च 2023 चं वॉरंट युक्रेनमधली लेकरं बेकायदेशीरपणे रशियात नेल्याचं आहे. म्हणजे युद्ध चालू असताना काय केलं, त्याचं. मुळात युद्धच का सुरू केलं, हा आरोप त्यात नाहीच, आणि तो का नाही हे समजायला 2022 मध्ये नाही, 2010 मध्ये जावं लागतं. जिनिव्हा करार, युनोची सनद वगैरे सोडून देतो, ते सगळ्यांना माहीत आहे.

पण 2010 वर यायच्या आधी थोडं मागचं. हरलेल्या राजाला शिक्षा करायची रीत जुनीच आहे, त्यासाठी युरोपात जायचीही गरज नाही. सीताबर्डीच्या किल्ल्यावर 26-27 नोव्हेंबर 1817 ला लढाई झाली, भोसले हरले, राजाला गादीवरून उतरवून कैद केलं, तो वाटेत निसटला आणि शेवटी 1840 मध्ये जोधपुरात वारला. लढाई सुरू कोणी केली हे ठरवलं कोणी? जिंकलेल्या कंपनीनं. ना केस, ना साक्षीपुरावा. कागदावर खटल्याची भाषा आली ती 1919 च्या व्हर्साय तहात, 227 व्या कलमात, पण ज्याच्यावर खटला चालवायचा तो जर्मन कैसर आधीच हॉलंडमध्ये पळालेला होता, डच सरकारनं त्याला सोपवायला साफ नकार दिला आणि साहेब 1941 पर्यंत तिथंच आरामात राहिले. मग 1928 चा पॅरिस करार, त्यावर हिंदुस्थानच्या नावानंही सही आहे, युद्ध वाईट, आम्ही करणार नाही वगैरे, पण केलंच तर शिक्षा काय, यावर एक ओळ नाही.

खरी केस चालली ती दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर, न्यूरेंबर्गला. 8 ऑगस्ट 1945 च्या लंडन सनदेत 'शांततेविरुद्धचे गुन्हे' असं नवीन खातं उघडलं आणि 1946 च्या निकालात युद्ध सुरू करणं हा सगळ्यात मोठा आंतरराष्ट्रीय गुन्हा असं म्हटलं. मला त्यात कायम आठवतो तो नाझी पक्षातला हिटलरचा डेप्युटी, कारण तो फक्त युद्धाचा कट आणि युद्ध याच दोन आरोपांत दोषी ठरला, बाकीच्यातून सुटला, तरी जन्मठेप झाली आणि 1987 मध्ये तुरुंगातच मेला. तसाच खटला जपानी नेत्यांवर टोकियोत चालला, 1948 ला सात जणांना फाशी झाली, सम्राटाला मात्र आरोपीच केलं नाही. तिथल्या भारतीय न्यायाधीशानं सगळ्यांनाच निर्दोष म्हटलं, त्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. पण जपानी सैन्यानं अत्याचार केलेच नाहीत असं तो कुठंही म्हणालेला नाही, त्याचं म्हणणं एवढंच होतं की युद्ध सुरू झालं तेव्हा युद्ध करणं हा गुन्हा असल्याचा कायदाच नव्हता, मग मागाहून कायदा करून फाशी कशी देता? हा मुद्दा आजही कोणी नीट खोडून काढलाय असं मला वाटत नाही.

त्यानंतर पन्नास वर्षं शांतता, म्हणजे खटल्यांची, युद्धांची नाही. 1974 मध्ये युनोच्या आमसभेनं आक्रमणाची व्याख्या केली, ती फाइलमध्ये राहिली. 1998 ला रोममध्ये हेगच्या कोर्टाचा कायदा झाला, त्यात आक्रमण हा गुन्हा नुसता नावाला टाकला, व्याख्या नंतर करू म्हणाले. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला आणि आजही त्या कोर्टाचा सदस्य नाही.

या 'नंतर करू'चा परिणाम काय झाला ते इंग्लंडमध्ये दिसलं. इराक युद्धाच्या तोंडावर 2003 मध्ये काही आंदोलक फेअरफर्डच्या हवाई तळात घुसले, तेलाचे टँकर आणि बॉम्ब वाहून नेणाऱ्या गाड्या फोडल्या, आणि कोर्टात सांगितलं की आम्ही गुन्हा केला नाही, होऊ घातलेला आक्रमणाचा गुन्हा थांबवत होतो. 2006 मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवर निकाल लागला की आक्रमण हा आंतरराष्ट्रीय कायद्यात गुन्हा आहे हे खरं, पण आमच्या संसदेनं तसा कायदा केलेला नाही, म्हणून इथं तो बचाव चालणार नाही. म्हणजे गुन्हा आहे पण कोर्ट नाही! आणि हाच देश आता युक्रेनसाठीच्या ट्रिब्युनलला पाठिंबा द्यायला पुढच्या रांगेत आहे.

आता युगांडातलं कंपाला, जून 2010, हेगच्या कोर्टाच्या सदस्य देशांची बैठक. व्याख्या ठरली आणि ती तशी ठीकच आहे: देशाच्या राजकीय किंवा लष्करी कारवाईवर ज्याचं खरंखुरं नियंत्रण आहे असाच माणूस आरोपी होऊ शकतो, साधा शिपाई नाही, आणि स्वरूप, गांभीर्य, व्याप्ती बघता युनोच्या सनदेचा उघड भंग पाहिजे, सीमेवरची एखादी चकमक पुरत नाही. खरा घोळ पुढं आहे. हेगच्या कोर्टाचे बाकीचे गुन्हे, नरसंहार, युद्धगुन्हे वगैरे, सदस्य देशाच्या जमिनीवर झाले तर आरोपी सदस्य नसलेल्या देशाचा असला तरी चालतो. आक्रमणाच्या बाबतीत मात्र सदस्य नसलेल्या देशाचा नागरिक सरळ बाहेर, आणि सदस्य देशालासुद्धा एक चिठ्ठी देऊन बाहेर राहायची सोय. सुरक्षा परिषदेनंच प्रकरण पाठवलं तर गोष्ट वेगळी, पण तिथं व्हेटो कोणाकडे आहे ते सांगायला नको. मोठ्या देशांची मूळ मागणी तर याहून भारी होती, की परिषदेनं आक्रमण झालं असं म्हटल्याशिवाय कोर्टानं हातच लावायचा नाही. ते मान्य झालं नाही, त्या बदल्यात ही सूट दिली गेली. सूट दिली नसती तर कदाचित काहीच पास झालं नसतं हेही मान्य, पण ज्यांच्याकडे सैन्य मोठं त्यांच्याच सोयीचं कुंपण घातलं गेलं, यात मला तरी शंका नाही. पुढं डिसेंबर 2017 मध्ये न्यूयॉर्कला सदस्य देशांच्या बैठकीत परत तोच वाद, ब्रिटन-फ्रान्ससारख्यांचं म्हणणं की आम्ही सदस्य आहोत पण कंपालाची ही दुरुस्ती स्वीकारली नाही, मग आमची माणसंही बाहेर, आणि तेही पदरात पाडूनच 17 जुलै 2018 पासून कलम लागू झालं.

मग 24 फेब्रुवारी 2022. रशिया सदस्य नाही, म्हणून आक्रमणाची केस हेगमध्ये जाऊच शकत नव्हती, युद्धगुन्ह्यांची गेली कारण युक्रेननं त्यासाठी कोर्टाचा अधिकार आधीच मान्य केला होता. परिषदेत रशियाचाच व्हेटो. म्हणून 25 जून 2025 ला स्ट्रासबर्गमध्ये करार करून वेगळं ट्रिब्युनल काढायचं ठरलं. त्यातही मेख आहेच. देशादेशांमधले वाद ऐकणाऱ्या हेगमधल्याच दुसऱ्या कोर्टात, आंतरराष्ट्रीय न्यायालयात, 2002 मध्ये काँगो विरुद्ध बेल्जियम केसमध्ये ठरलं होतं की पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्याला दुसऱ्या देशाचं कोर्ट हात लावू शकत नाही, काही आंतरराष्ट्रीय कोर्टं कदाचित लावू शकतात. मग हे ट्रिब्युनल पुरेसं आंतरराष्ट्रीय आहे का, यावर वर्षभराहून जास्त भांडण चाललं आणि शेवटी तोडगा असा निघाला की राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री या तिघांवर आरोपपत्र ठेवता येईल, पण ते खुर्चीत आहेत तोवर केस पुढं सरकणार नाही. खालचे जनरल, मंत्री वगैरे गैरहजर असले तरी त्यांच्यावर चालू शकते.

जुलै 2025 मध्ये कंपालाची ती सूट काढून टाकावी म्हणून हेगच्या कोर्टाचे सदस्य देश न्यूयॉर्कमध्ये परत बसले होते. एकमत झालं नाही, पुढची बैठक 2029 ला.