साखरेच्या मापाने ठरलेली प्रत : जर्मन वाइनची पार्श्वभूमी

जर्मनीतील द्राक्षबागा साधारणतः 50 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. इतक्या उत्तरेला द्राक्ष पुरते पिकेलच याची शतकानुशतके खात्री नव्हती आणि जर्मन वाइनचे प्रकार व त्यांचे कायदे समजून घेताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. मोझेल नदीकाठी दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या तीव्र उतारांवरच वेली लावल्या गेल्या, कारण तिथे ऊन अधिक थेट पडते आणि दिवसभर तापलेला जमिनीतला स्लेटचा दगड रात्री ऊब देत राहतो.

या हवामानात टिकली ती रीसलिंग. थंडी सोसणारी, उशिरा पिकणारी आणि पिकल्यावरही आंबटपणा न सोडणारी ही जात. तिचा सर्वांत जुना मानला जाणारा उल्लेख 1435 सालचा असून तो र्‍युसेल्सहाइम येथे काट्सेनेल्नबोगेनच्या सरदाराच्या हिशेबात, लागवडीसाठी घेतलेल्या वेलींच्या खर्चाच्या नोंदीत आढळतो. र्‍हाइनगाऊमधील योहानिसबर्ग ही बाग फुल्डाच्या धर्मपीठाच्या मालकीची होती. तेथे 1720 च्या सुमारास प्रामुख्याने रीसलिंगच लावण्यात आली. तोडणीची परवानगी फुल्डाहून येत असे. 1775 साली ती आणणारा स्वार फार उशिरा पोहोचला, तोवर घडांवर बुरशी चढली होती आणि तरीही त्या द्राक्षांची वाइन उत्कृष्ट निघाली, अशी कथा सांगितली जाते. कथेत रंग भरलेला असेल; पण उशिराच्या तोडणीची, म्हणजे श्पेटलेझेची, प्रतिष्ठा तेथून वाढली हे खरे. त्या स्वाराचा पुतळा आजही योहानिसबर्गच्या आवारात आहे.

पिकणे दुर्मीळ, म्हणून साखर मोलाची. फोर्ट्सहाइमच्या फर्डिनांड एक्सलेने एकोणिसाव्या शतकात प्रचारात आणलेल्या मापात एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश धरले जातात. 1971 च्या जर्मन वाइन कायद्याने काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या प्रतीच्या चढत्या पायर्‍या प्रामुख्याने याच अंशांवर बांधल्या. माझ्या मते ही मोठी चूक होती, कारण त्यामुळे उताराच्या गुणापेक्षा रसातल्या साखरेला महत्त्व आले, आणि त्याच कायद्याने बागांची सुमारे 30,000 जुनी नावे एकमेकांत मिसळून जेमतेम 2,600 वर आणली. सपाट जमिनीतही लवकर पिकणार्‍या, भरघोस उत्पन्न देणार्‍या म्युलर-थुरगाऊ या द्राक्षजातीचे फावले. 1882 साली गाइझेनहाइम येथे हेर्मान म्युलर यांनी तयार केलेली ही जात काही दशके लागवडीत रीसलिंगच्याही पुढे होती, आणि तिच्यापासून बनलेल्या स्वस्त, गोडसर वाइनमुळे परदेशात जर्मन मालाची पत घसरली.

आता हवामानच बदलले आहे. काबिनेटचे किमान अंश सहज ओलांडले जातात आणि श्पेटबुर्गुंडर, म्हणजे पिनो न्वार, या काळ्या द्राक्षाचीही उत्तम वाइन होऊ लागली आहे. उलट, उणे 7 अंशांवर वेलीवरच गोठलेली द्राक्षे तोडून केली जाणारी आइसवाइन 2019 च्या हंगामात, पुरेशी थंडी न पडल्याने, देशभरात कुठेच होऊ शकली नाही. 2021 च्या सुधारित कायद्याने प्रत ठरवताना साखरेऐवजी उगमस्थानाला प्राधान्य दिले आहे.