डॉवर गुलाम

अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीत (नंतर राज्यात) एखादा मळेवाला मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या जमिनीचा व गुलामांचा एक तृतीयांश वाटा विधवेकडे हयातीपुरता जाई. या वाट्याला ‘डॉवर’ व त्यातील माणसांना डॉवर गुलाम म्हणत. मराठीत ‘स्त्रीधन’ हा प्रतिशब्द चटकन सुचतो, पण तो येथे चालणार नाही. स्त्रीधन स्त्रीच्या मालकीचे असते. डॉवरची विधवा फक्त उपभोग घेई. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी आपल्याकडे विधवेला जी मर्यादित मालकी असे, तिच्याशी डॉवरचे साम्य जास्त आहे. डॉवरमधील माणसांना ती मुक्त करू शकत नसे किंवा मृत्युपत्राने कोणाला देऊ शकत नसे. ती वारली की ही माणसे व त्यांना मधल्या काळात झालेली मुले मृत पतीच्या वारसांकडे परत जात.

कायदेशीर स्वरूप : गुलाम ही स्थावर मालमत्ता की जंगम, हा प्रश्न व्हर्जिनियाच्या कायदेमंडळाला जवळजवळ शतकभर पुरला. १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचे ठरवले. बाप कोण, याला महत्त्व उरले नाही. १७०५ मध्ये गुलामांना स्थावर ठरवण्यात आले. मात्र कर्जवसुलीसाठी त्यांना जंगम मालाप्रमाणे विकता येईल, अशी तरतूद त्याच कायद्यात होती. म्हणजे एकच माणूस वारसाच्या लेखी जमीन होता आणि सावकाराच्या लेखी गुरेढोरे. गुलामांना स्थावर ठरवण्यामागील हेतूबद्दल एकमत नाही. जमीन व ती कसणारे हात यांची ताटातूट होऊ नये, हा हेतू काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते मोठ्या घराण्यांची सत्ता पिढ्यानपिढ्या टिकवणे हाच खरा उद्देश होता. कायद्याच्या प्रस्तावनेत इस्टेटींच्या रक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि १७२७ मध्ये गुलामांना वंशपरंपरागत (म्हणजे विकता न येणाऱ्या, वारसाकडेच जाणाऱ्या) जमिनीशी कायमचे जोडण्याची मुभा मिळाली. हे पाहता दुसरे मत अधिक पटते. १७४८ मध्ये गुलामांना जंगम ठरवण्याचा प्रयत्न झाला, पण तो कायदा इंग्लंडच्या राजाने फेटाळला. वंशपरंपरेने बांधलेल्या इस्टेटी १७७६ मध्ये रद्द झाल्या आणि गुलाम १७९२ मध्ये जंगम ठरले. विधवेचा हक्क यानंतरही हयातीपुरताच राहिला.

कस्टिस इस्टेट : या प्रथेची सर्वांत तपशीलवार नोंद असलेले उदाहरण कस्टिस घराण्याचे आहे. डॅनियल पार्क कस्टिस जुलै १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या मागे सुमारे १७,५०० एकर जमीन व जवळपास ३०० गुलाम होते. विधवा मार्था हिच्या डॉवरमध्ये ८० हून अधिक माणसे आली. ६ जानेवारी १७५९ रोजी तिने जॉर्ज वॉशिंग्टनशी विवाह केला आणि या माणसांचा ताबा व श्रम वॉशिंग्टनकडे आले. मालकी कस्टिस वारसांचीच राहिली. १७९९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने आपल्या माउंट व्हर्नन या मळ्यावरील गुलामांची यादी केली. ३१७ पैकी १५३ डॉवरचे होते, म्हणजे मूळ वाटा चार दशकांत बराच वाढला होता. ही वाढ मुख्यतः डॉवरमधील स्त्रियांच्या पोटी झालेल्या मुलांची आहे. वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे १२३ (काहींच्या मोजणीनुसार १२४) होते, उरलेले भाड्याने आणलेले.

दोन्ही गटांतील लोकांचे आपसांत विवाह झाले होते. ९ जुलै १७९९ च्या मृत्युपत्रात वॉशिंग्टनने आपल्या गुलामांची मुक्तता मार्थाच्या निधनानंतर व्हावी असे लिहिले. दोन गटांतील सोयरिकी आणि त्यांतून ओढवणारी ताटातूट हे कारण त्याने स्वतः नोंदवले आहे. डॉवरच्या माणसांना मुक्त करणे आपल्या अधिकारात नाही, असेही त्याने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ते खरे होते. वारसांना भरपाई देऊन मार्ग काढता आला असता, असे काही इतिहासकारांचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात मार्थाने १ जानेवारी १८०१ रोजीच वॉशिंग्टनचे गुलाम मुक्त केले आणि ताटातूट व्हायची ती झालीच.

आचारी हर्क्युलिसचे कुटुंब याचे ठळक उदाहरण आहे. तो वॉशिंग्टनच्या मालकीचा, त्याची पत्नी ॲलिस डॉवरमधील. त्यामुळे रिचमंड, एव्ही व डेलिया ही मुलेही डॉवरची. २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, वॉशिंग्टनच्या वाढदिवशी, तो पळाला. त्याच वसंतात माउंट व्हर्ननला आलेल्या लुई-फिलिपच्या (पुढे फ्रान्सचा राजा) नोकराने हर्क्युलिसच्या लहान मुलीला विचारले, की बाप आता भेटणार नाही याचे तुला वाईट वाटत असेल ना? बाबा आता स्वतंत्र झाले म्हणून मला आनंद वाटतो, असे तिने सांगितल्याचे लुई-फिलिपच्या रोजनिशीत आहे. मृत्युपत्राने बापाला मुक्ती मिळाली, मुलांना नाही.

डॉवरमधीलच ओना जज ही मार्थाची खास दासी होती. आपल्याला मार्थाची नात एलिझाबेथ हिला देणार असे कळल्यावर २१ मे १७९६ रोजी तेव्हाची राजधानी फिलाडेल्फियात, घरची मंडळी जेवायला बसली असताना, ती निघून गेली. ती न्यू हॅम्पशरमध्ये राहिली आणि १८४८ मध्ये वारली. कायद्याने ती शेवटपर्यंत कस्टिस वारसांची मालमत्ता होती.

वाटप : २२ मे १८०२ रोजी मार्था वारली आणि डॉवरचे लोक चार नातवंडांत वाटले गेले. एलिझाबेथचा पती टॉमस लॉ पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बिहारमध्ये होता. बंगालच्या कायमधाऱ्याच्या पुरस्कर्त्यांत त्याचे नाव येते. ओनाची बहीण फिलाडेल्फिया (डेल्फी) या जोडप्याकडे आली. लॉने १८०७ मध्ये तिला मुक्त केले. तिचा पती विल्यम कॉस्टिन याच्या कुळाबद्दल वाद आहे. त्याची आई ॲन डँड्रिज ही मार्थाची सावत्र बहीण होती, असे १८७१ च्या एका सरकारी अहवालात म्हटले आहे. काही चरित्रकार हे स्वीकारतात, पण वॉशिंग्टनच्या हयातीतील कागदपत्रांत त्याला आधार नाही. तेव्हा ही कुटुंबातून चालत आलेली माहिती म्हणून नोंदवणे योग्य.

नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस याच्या वाट्याचे लोक आर्लिंग्टनच्या मळ्यावर गेले. आपले गुलाम पाच वर्षांच्या आत मुक्त करावेत असे मृत्युपत्रात लिहून तो १८५७ मध्ये वारला. मृत्युपत्राची अंमलबजावणी जावई रॉबर्ट ई. ली (पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती) याच्याकडे होती. त्याने मुदत उलटू दिली. १८५९ मध्ये पळून जाताना पकडल्या गेलेल्या वेस्ली नॉरिसने, लीच्या हुकमाने आपल्याला चाबकाचे फटके मारले, असे १८६६ मध्ये सांगितले. मुक्ततेच्या दस्तावर २९ डिसेंबर १८६२ ही तारीख आहे.