वाळूच्या पोत्यांची तटबंदी आणि पंचगंगेचा फुगवटा

जुलै उजाडला की कोल्हापूरकरांचं अर्धं लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे, म्हणजे पंचगंगेची पातळी जिथे मोजतात तिकडे, लागलेलं असतं. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 56 फुटांच्या वर. तेव्हापासून चहाच्या गाड्यावर एक प्रश्न अधूनमधून निघतो: परदेशात रचतात तशी टन-टनाच्या वाळूच्या पोत्यांची तटबंदी आपल्या नदीकाठी का नको? प्रश्न वेडगळ नाही. पण ही पोती कुठून आली आणि कसल्या पुरासाठी आली हे पाहिल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

वाळूचं पोतं मूळचं लष्करातलं. पहिल्या महायुद्धात युरोपातले खंदक या पोत्यांनी बांधून काढले गेले आणि त्यांतली पुष्कळशी पोती बंगालच्या तागाची, कलकत्त्याच्या गिरण्यांत विणलेली होती. ताग ओला राहिला की कुजतो, म्हणून पुढे त्याची जागा पॉलिप्रॉपिलीनच्या विणीने घेतली. आपल्याकडे खताचं पोतं ज्या कापडाचं असतं, तेच हे कापड.

नदीकाठी हे पोतं रुळलं ते बांध घातलेल्या नद्यांवर. मिसिसिपीसारख्या नदीच्या दोन्ही काठांना मैलोन्‌मैल मातीचे कायमचे बांध आहेत. पाणी बांधाच्या माथ्याशी आलं की वर पोत्यांचे दोन-तीन थर चढवून फूट-दीड फूट उंची मिळवायची. बांधाखालून पाणी झिरपून आतल्या बाजूला वाळूसकट उसळायला लागलं, तर त्या उमाळ्याभोवती पोत्यांचं कडं रचून आत पाणी साठू द्यायचं, म्हणजे वरच्या पाण्याच्या वजनाने उमाळा मंदावतो. बांधाला भगदाड पडलं तर ते बुजवायचं. या तिन्ही कामांत मुख्य भिंत आधीच उभी असते, पोतं फक्त तिच्या मदतीला येतं. आपल्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट निसटते.

मोठ्या पोत्याचा जन्म कारखान्यातला. सिमेंट, खत, रसायनं एकगठ्ठा न्यायला चार कान असलेली जंबो बॅग निघाली. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काम करणाऱ्याला ती वेगळी दाखवायला नको. साधारण तीन फूट लांब, रुंद आणि उंच, वाळू भरली की टनभर वजन. हायड्राच्या, म्हणजे फिरत्या क्रेनच्या, हुकाला चारही कान अडकवून उचलायची आणि ठेवायची. दुसरा प्रकार तारेच्या जाळीच्या पिंजऱ्याचा. इंग्लंडमधल्या लीड्सच्या जिमी हेसेल्डन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस जाळीला आतून जाड कापडाचं अस्तर लावलेला, घडी उघडून जेसीबीने भरायचा पिंजरा आणला. तो होता धूप आणि पूर अडवायला. आखाती युद्धात तो सैन्याने उचलला आणि पुढे जगभरच्या छावण्यांभोवती उभा राहिला. साधं पोतं छावणीतून नदीवर आलं, पिंजरा नदीवरून छावणीत गेला.

या दोन्हींचा मोठा प्रयोग अमेरिकेतल्या फार्गो शहराने 2009 च्या मार्चमध्ये केला. तिथेही नदी फुटांत मोजतात. त्या वर्षी रेड रिव्हर 40.84 फुटांवर गेली आणि लाखो पोती, जोडीला पिंजरे रचून बहुतेक शहर वाचवलं गेलं. पण तिथला पूर बर्फ वितळून येतो. कधी येणार आणि साधारण किती येणार, याचा अंदाज कितीतरी दिवस आधी हातात असतो. शिवाय जमीन ताटासारखी सपाट, रस्ते रुंद. एवढं करूनही फार्गोने पोत्यांवर भरवसा ठेवून बसणं पसंत केलं नाही. नदीकाठची घरं विकत घेऊन पाडली आणि पुराचं पाणी शहराबाहेरून वळवायचा कालवा हाती घेतला.

आता पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, या सगळ्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं. राधानगरी धरण भरलं की पाण्याच्या दाबाने स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. खाली नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही आणि फुगवटा मागे मागे सरकतो. वाडीत दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहिलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक स्नानाला गर्दी करतात. त्याच फुगवट्याने इकडे शहरात लोकांचे संसार माळ्यावर चढतात. हे पाणी धाडकन येत नाही. इंचाइंचाने चढतं आणि दिवसचे दिवस तसंच राहतं.

शहरात ते नदीच्या काठावरून जितकं शिरतं, तितकंच नाल्यातून शिरतं. जयंती नाल्याचं तोंड नदीने दाबलं की नाला उलटा वाहू लागतो. सुतारवाडा, दसरा चौकाची बाजू, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली इथवर पाणी पोचतं. कुंभार गल्लीत तो मोसम गणेशमूर्तींचा असतो. ओल्या मातीच्या मूर्ती हलवता येत नाहीत आणि सुकलेल्या ठेवायला जागा उरत नाही. नदीच्या काठाला कितीही उंच भिंत घातली, तरी नाल्याचं तोंड बंद केल्याशिवाय उपयोग नाही. आणि तोंड बंद केलं तर शहरात पडणारा पाऊस आतच तुंबणार, तो उपसायला पंप हवेत. पूर आला की वीज तोडावी लागते, म्हणजे पंपही डिझेलवरचे.

दाबाचं गणित तर साधं आहे. भिंतीपुढे एक मीटर पाणी असेल, तर दर मीटर लांबीवर सुमारे 500 किलोचा रेटा येतो. पाणी दोन मीटर झालं की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो, दोन टन. धोका पातळीपासून 2021 च्या पातळीपर्यंतचं अंतर 13 फूट, म्हणजे चार मीटर. तिथे दर मीटरला आठ टन. पाण्यात बुडालेली वाळू हलकी पडते, म्हणून एकावर एक चार जंबो बॅगा उभ्या करून हे झेलता येत नाही. लहान पोती रचायचा ठोकताळा असा, की पाया उंचीच्या तिप्पट रुंद हवा. चार मीटर उंचीला बारा मीटर पाया. गंगावेशीतल्या कुठल्या बोळात तो बसवायचा?

मग मोठी पोती कोल्हापूरला कामाचीच नाहीत का? आहेत, पण शहराभोवती कोट म्हणून नाहीत. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची उपसा केंद्रं पुरात बुडाली, तेव्हा चहूकडे पाणी आणि नळ मात्र कोरडे, अशी शहराची गत झाली. अशा एखाद्या आवाराभोवती, वीज उपकेंद्राभोवती, दवाखान्याच्या तळघराच्या तोंडाशी तीन-चार फूट पाणी अडवायचं असेल तर जंबो बॅगांचं कडं, पाण्याच्या अंगाला जाड ताडपत्री आणि आत झिरपणारं पाणी उपसायला एक पंप, एवढ्यावर भागू शकतं. जागा ठरलेली हवी आणि हायड्रा तिथवर पोचेल असा रस्ता हवा. घरगुती पोत्याचंही काम आहेच. पोतं गच्च भरायचं नाही, अर्ध्याहून थोडं जास्त भरायचं, तोंड सुतळीने आवळण्यापेक्षा दुमडून खाली दाबायचं, म्हणजे ते शेजारच्या पोत्याला चिकटून बसतं. उंबऱ्याआधी न्हाणीघराची मोरी आणि संडासाचं भांडं बुजवायचं, कारण पाणी दारातून येण्याआधी तिथून येतं.

गंमत म्हणजे काढता-घालता येणारी भिंत या जिल्ह्याला अजिबात नवी नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे दुसरं काय? दगडी खांबांच्या खाचांत लाकडी बरग्यांच्या, म्हणजे आडव्या फळ्यांच्या, दोन रांगा आणि मधे दाबून भरलेली माती. पाऊस ओसरला की बरगे घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे. राज्यभर ही पद्धत कोल्हापूरच्या नावाने गेली. तिच्यामागचा विचार मात्र पोत्यांच्या तटबंदीच्या बरोबर उलटा आहे: पुराच्या दिवसांत नदीच्या वाटेत काहीही ठेवायचं नाही.

हा विचार पुढे सुटला. शिरोलीजवळ महामार्ग उंच भरावावरून जातो आणि तो भराव पुराच्या पाण्याला आडवा येतो, ही तक्रार जुनी आहे. 2019 आणि 2021 मध्ये तोच महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद पडला, गाड्यांच्या रांगा लागल्या. पूररेषेतली बांधकामं हा दुसरा भाग. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि दोन्हींच्या आत भराव टाकून इमारती उठल्या. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर सगळं खापर न फोडता अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. अलमट्टीचं राजकारण सोपं आहे, गावातला भराव काढणं अवघड. चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना 1989 च्या पुरानंतर सोनतळीत जागा देण्यात आली, तरी जुन्या गावात वस्ती राहिलीच. शेत, गोठा, जनावरं खाली असताना माणूस वर जाऊन राहत नाही.

पोती घ्यायचीच ठरली, तर खरेदीपेक्षा पुढचं काम मोठं. पॉलिप्रॉपिलीन उन्हात ठेवलं की ठिसूळ होतं. उघड्यावर दोन उन्हाळे काढलेली बॅग हायड्राने उचलताच फाटू शकते. म्हणून ती छताखाली, रिकामी, घडी घालून ठेवावी लागते आणि वाळूचा किंवा क्रश सँडचा (दगड फोडून केलेल्या वाळूचा) ढीग जवळच, पण पूररेषेच्या बाहेर असावा लागतो. फाउंड्रीतली वापरलेली वाळू फुकट मिळते म्हणून ती भरायचा मोह होईल. तिच्यात राळ आणि धातूचे अंश असतात, पुरात बॅग फुटली तर ते सगळं थेट पंचगंगेत जाईल. पूर ओसरल्यावर भिजलेली, मैला लागलेली वाळू कुठे टाकायची, हेही पोती मागवायच्या आधीच ठरवावं लागेल.