आईचा अंगठा आणि ॲपचं बटण

मागच्या दिवाळीत आईने एकच रिचार्ज दोनदा मारला. बटण दाबलं, स्क्रीन तशीच राहिली, काहीच हललं नाही म्हणून तिने परत दाबलं आणि पैसे दोनदा गेले, आणि वर मलाच म्हणते, "माझंच चुकलं रे, मला नाही जमत हे." मी स्वतः ॲपच्या स्क्रीन बनवायचं काम करतो, त्यामुळे ते जास्तच लागलं. चूक तिची नव्हतीच.

ही गोष्ट फोनपेक्षा खूप जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 बाँबर विमानं सुखरूप खाली उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची, कारण पायलट फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, आत घ्यायला जायचा आणि हात पडायचा चाकं आत घेणाऱ्या खटक्यावर. सगळे म्हणायचे पायलटची चूक. अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट नीट बघितलं तर दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि दिसायला सारखेच! त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा, म्हणजे न बघता हातालाच कळावं काय पकडलंय. आजही विमानात चाकांच्या खटक्याची मूठ चाकासारखीच असते.

त्याच काळात पॉल फिट्स नावाचा आणखी एक मानसशास्त्रज्ञ वैमानिकांच्या अशाच चुका अभ्यासत होता. 1954 साली त्याने एक साधा प्रयोग केला, दोन धातूच्या पट्ट्या ठेवल्या आणि माणसांना काडीने या पट्टीवरून त्या पट्टीवर भराभर टोचायला सांगितलं, कधी पट्टी रुंद, कधी अरुंद, कधी जवळ, कधी लांब. त्यातून निघाला फिट्सचा नियम: लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका वेळ जास्त. गंमत म्हणजे अंतर दुप्पट केलं तर वेळ दुप्पट होत नाही, ठराविक इतकाच वाढतो, आणि पट्टी निम्मी केली तरी तितकाच वाढतो. म्हणजे बटण अंगठ्यापासून लांब ठेवायचंच असेल तर मोठं करून भरपाई करता येते. अँड्रॉइडच्या नियमात दाबायची जागा साधारण 9 मिलीमीटर तरी असावी असं म्हटलंय ते उगाच नाही, बोटाचं टोक जाड असतं आणि दाबताना खालचं बटण झाकूनच टाकतं. चित्र छोटं असलं तरी चालेल, पण त्याच्या भोवतीची न दिसणारी जागा मोठी पाहिजे. आणि 'रद्द करा' आणि 'पैसे पाठवा' चिकटून ठेवले की परत तेच बी-17.

आईच्या रिचार्जचं कारण मात्र वेगळं, वेळेचं. बटण दाबल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागात काहीतरी झालं तर आपल्याला वाटतं ते आपण केलं. एक सेकंद गेला की थांबलोय हे जाणवतं, दहा सेकंदांनी लक्षच उडतं. पैसे पोचायला पाच सेकंद लागू देत, पण बटणाने लगेच रंग बदलायला पाहिजे, 'पाठवतोय' म्हणायला पाहिजे, आणि दुसऱ्यांदा दाबलं जाऊच नये. एवढंच केलं असतं तर तिचे पैसे वाचले असते.

आता मला सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट, आपली लिपी. स्क्रीनचं माप बहुतेकदा इंग्रजी अक्षरावर बसवलेलं असतं आणि इंग्रजी अक्षर बुटकं, आपलं 'राष्ट्रीय' बघा, वर वेलांटी, ट च्या खाली र, 'सर्वांत' मध्ये रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर. ओळीची उंची कमी पडली की खालचा उकार कापला जातो आणि कर्जाच्या ॲपमधली 'मूळ रक्कम' दिसते 'मळ रक्कम'. इंग्रजीत छान दिसतं म्हणून अक्षरांत अंतर वाढवतात, मराठीत त्याने शिरोरेषाच तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. इंग्रजी बटण ठळक करायला कॅपिटल अक्षरं वापरतात, आपल्याकडे कॅपिटल नाहीतच, तिथे जाडी किंवा रंगच वापरावा लागतो. आणि भाषा तरी कशी, 'प्रमाणीकरण संकेतांक प्रविष्ट करा'! आमच्या गल्लीत सगळे 'ओटीपी टाका' म्हणतात, मग तेच लिहा ना.

रंगाचंही तेच. पांढऱ्यावर फिकट करडं अक्षर एसीत बसून बघताना सुंदर दिसतं, भर उन्हात भाजीवाल्याच्या गाडीपाशी काही दिसत नाही, त्यात वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि आत उजेडच कमी जातो. वेबच्या मानकांत साध्या मजकुरासाठी निदान 4.5 ला 1 इतका उजळपणाचा फरक सांगितलाय अक्षर आणि मागच्या रंगात, मी मोबाईललाही तोच धरतो.

परवा आमची नवीन स्क्रीन आईच्या फोनवर टाकून बघितली. तिने अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलंय. 'पैसे पाठवा' मधला 'पाठवा' खालच्या ओळीत गेला आणि अर्धा बटणाबाहेर लटकला, आमच्या टेस्टिंगच्या फोनवर हे इतके दिवस कुणालाच दिसलं नव्हतं. आज सकाळपासून तेच दुरुस्त करत बसलोय.