वांग, काळे डाग आणि लेझर : आमच्याकडे येण्याआधी एवढं वाचून घ्या

नमस्कार. क्लिनिकच्या फोनवर रोज पहिला प्रश्न हाच असतो, "लेझरचे किती घेता आणि किती सिटिंगमध्ये डाग जातील?" फोनवर आम्ही आकडा सांगत नाही म्हणून बरेच जण नाराज होतात, पण डाग बघितल्याशिवाय तो सांगताच येत नाही. "काळे डाग" म्हणून आपण जे म्हणतो त्यात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी असतात, त्यातल्या काहींवर लेझर मस्त काम करतं, काहींवर थोडंफार, आणि काहींवर मारलं तर डाग आणखी गडद होतो. म्हणून हे पत्रक. जरा मोठं झालंय, पण घरी निवांत वाचा.

आधी लेझर करतं काय ते सांगते. आपल्या कातडीला रंग येतो तो मेलॅनिनमुळे. डागांसाठी जे मशीन जास्त वापरतात ते क्यू-स्विच एनडी-याग, त्यातून 1064 किंवा 532 नॅनोमीटरचा प्रकाश निघतो, तोही सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच. हा प्रकाश मेलॅनिन शोषून घेतं आणि रंगाचे कण फुटून बारीक होतात, मग शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते तुकडे हळूहळू उचलून नेतात. म्हणजे लेझर डाग पुसत नाही, फोडतं, आणि साफसफाई तुमचं शरीर करतं, त्याला आठवडे लागतात. 1064 चा प्रकाश खोलवर जातो, 532 चा वरवरच्या डागांसाठी. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत सगळीकडेच मेलॅनिन भरपूर असतं, त्यामुळे पॉवर जास्त ठेवली तर डागाबरोबर आजूबाजूची कातडीही तापते, आणि तापली की ती उलट जास्त रंग बनवते नाहीतर पांढरे ठिपके पडतात. गोऱ्या कातडीवरचं सेटिंग आपल्याकडे तसंच्या तसं चालत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

प्रत्यक्ष सिटिंगला काय होतं? चेहरा धुवून, मेकअप पूर्ण काढून तुम्ही पलंगावर झोपता, डोळ्यांवर जाड कप लावतो, खोलीत असलेले आम्ही सगळे पण गॉगल घालतो. मग टक टक टक असा आवाज येतो आणि रबर बँड ताणून सोडल्यासारखं टोचतं, गालाच्या हाडावर आणि वरच्या ओठावर जरा जास्त. चेहऱ्यावर बारीक लव असेल तर ती जळाल्याचा किंचित वास येतो, त्याने घाबरू नका. वांगासाठी कमी पॉवरचं टोनिंग करतात, त्यात चेहरा तासाभरासाठी लाल होतो, बस. उन्हाने आलेल्या ठिपक्यांवर 532 मारलं तर तो ठिपका क्षणभर पांढरा होतो, मग काळा पडून खपली धरतो, आणि ही खपली पाच-सात दिवसांत आपली आपण पडते. नखाने काढायची नाही! अगदी एक कोपरा सुटला असला तरी नाही. खपली ओढली की तिथे नवीन डाग पडतो, आणि तो आधीच्यापेक्षा हट्टी असतो.

असे सुटे ठिपके एक ते तीन सिटिंगमध्ये बरेच जातात. पिंपल्सनंतरचे काळे डाग तर कित्येकदा नुसत्या सनस्क्रीन आणि मलमाने काही महिन्यांत फिके होतात, त्यांना आम्ही उगाच लेझरला बसवत नाही.

आता वांग. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला स्वतःला आहे. दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही गालांवर आणि नाकावर तपकिरी पट्टा आला, बाळ दीड वर्षाचं झालं तरी गेला नाही. तेव्हा मी या क्षेत्रात नव्हते. एका ठिकाणी पॅकेज घेतलं, टेस्ट पॅच (आधी छोट्या जागेवर मारून बघणं) नाही, कुठली ट्यूब लावते विचारलं नाही, पहिल्याच सिटिंगला जोरात मारलं. पंधरा दिवस चेहरा उजळला, मी खूश, आणि महिन्याने पट्टा आधीपेक्षा काळा होऊन परत आला. हळदीकुंकवाला जायचं बंद केलं होतं मी. त्यामुळे समोर बसलेली ताई रडवेली झाली की मला कळतं तिला काय होतंय.

वांगाचं मूळ हार्मोन्स, ऊन, उष्णता आणि घराण्यातून आलेली ठेवण या सगळ्यात मिळून असतं. गरोदरपण आणि काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे ते वाढतं. लेझर यातल्या कुठल्याच कारणाला हात लावत नाही. म्हणून आमचे डॉक्टर वांगावर आधी आठ-दहा आठवडे सनस्क्रीन आणि लावायची औषधं देतात, गरज वाटली तरच नंतर टोनिंग, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण सहा ते दहा वेळा. एवढं करूनही वांग परत येऊ शकतं. "कायमचं घालवून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. वांग ताब्यात ठेवता येतं, बीपीसारखं, आणि नीट ठेवलं तर आरशात बघताना त्रास होत नाही एवढं फिकं राहतं, माझं राहिलंय.

एक गोष्ट हात जोडून सांगते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरं करणारी ट्यूब चेहऱ्याला लावू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. आठवड्यात चेहरा तुकतुकीत होतो, शेजारीण विचारते काय लावलंस, आणि मग काही महिन्यांनी कातडी पातळ, लाल, बारीक शिरा दिसायला लागतात, केस वाढतात, पुरळ येतं, आणि ट्यूब बंद केली की आग होते म्हणून परत तीच लावली जाते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी मिळतात. अशा चेहऱ्यावर लगेच लेझर करत नाही, आधी कातडी सावरावी लागते. लिंबाचा रस लावून उन्हात जाणं पण बंद करा, त्याने भाजल्यासारखे डाग पडतात.

ऊन हा अर्धा आजार आहे. "नाशिक थंड आहे हो" म्हणतात लोक, पण हवा थंड असली म्हणून ऊन सौम्य नसतं. दिंडोरी, निफाडकडच्या बायका द्राक्षाच्या हंगामात सकाळपासून बागेत असतात, स्कार्फ घट्ट बांधलेला आणि डोळ्यांपुरती फट, आणि बरोबर त्या फटीत, गालाच्या वरच्या हाडावर वांग गडद. स्कार्फ हवाच, पण त्याच्या आत सनस्क्रीन पण हवं, शिवाय टोपी. एसपीएफ 30 किंवा वर, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर पूर्ण रेघ भरेल एवढं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. वांगवाल्यांनी शक्यतो रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं घ्यावं कारण नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग वाढतं. गाडीच्या काचेतूनही ऊन लागतं, सातपूर-अंबडला रोज ये-जा करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणार असाल तर त्याच्या आधी-नंतरच्या आठवड्यांत सिटिंग घेऊ नका, टॅन झालेल्या कातडीवर आम्ही लेझर करत नाही.

मान काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर ती घासून किंवा लेझरने जात नाही. ते बहुतेक वेळा वजन आणि इन्सुलिनशी जोडलेलं असतं, आधी शुगर तपासून घ्या. आणि एखादा तीळ अचानक वाढतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय, तर लेझरचा विचारही नको, थेट डॉक्टरांना दाखवा.

गरोदर असाल, पिंपल्सची आयसोट्रेटिनोइन गोळी चालू असेल, ओठांवर वरचेवर तापाचे फोड उठत असतील, तर आधी सांगा. सिटिंगच्या आठवडाभर आधी ब्लीच, फेशियल, वॅक्स नको. लग्न ठरलं असेल तर चार-सहा महिने आधी या. हळदीच्या पंधरा दिवस आधी आलात तर आम्ही नाही म्हणतो, कितीही पैसे देत असलात तरी.

पहिल्या भेटीत फक्त तपासणी आणि फोटो. लेझर ठरलं तर आधी कानाजवळ छोटा टेस्ट पॅच मारतो आणि दोन-तीन आठवडे थांबतो. पूर्ण पॅकेजचे पैसे एकदम घेत नाही, प्रत्येक सिटिंगचे त्या त्या वेळी.

येताना मेकअप न करता या, आणि आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूब एका पिशवीत घालून आणा, संपलेल्या आणि बहिणीकडून घेतलेल्या सुद्धा. कोणी रागावणार नाही, पण बघायच्या आहेत.